सिंगापूर १९४२ : शिपाई पळाला की त्याला वाऱ्यावर सोडला?

वाटसरू

१५ फेब्रुवारी आली की दरवर्षी कुणीतरी सिंगापूरच्या पाडावावर लिहितं. यंदा गनिमीकावा यांनी लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ८५ हजारांच्या फौजेने ३६ हजार जपान्यांपुढे आठवड्याभरात हत्यारं टाकली; तोफा समुद्राकडे तोंड करून बसवल्या होत्या आणि शत्रू सायकलवर बसून मागच्या दाराने आला; हिंदी शिपाई पगारापुरता उभा होता, तो लढलाच नाही, आणि दोन दिवसांत त्याने मालक बदलला. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली आहे. मी तिथेच उत्तर देणार होतो, पण हे दोन ओळींत आवरणारं नाही. शेवटचं वाक्य तर घशाखाली उतरत नाही.

आधी तोफा. चांगीच्या बाजूच्या मोठ्या तोफा मागे वळल्या आणि त्यांनी खाडीपलीकडच्या जोहोरच्या दिशेने माराही केला. अडचण गोळ्यांची होती. जहाजाचं चिलखत फोडायचे गोळे जमिनीवर टाकले की खोल घुसून फुटतात, पायदळाला त्यांचा त्रास कमी. तोफा उलट्या होत्या ही गोष्ट लोकांना सांगायला आवडते, कारण मग सगळा दोष एका मूर्खपणावर ढकलता येतो.

आता आकडा. ८५ हजारांत लढणारे किती? त्यात गोदामवाले, इस्पितळवाले, ड्रायव्हर, कारकून, कामगार कंपन्या आणि जानेवारीच्या अखेरीस बोटीतून उतरवलेली कच्ची भरती, सगळे आले. आणि या फौजेकडे काय नव्हतं ते बघा. मलायासाठी ३३६ विमानं हवीत असं ठरलं होतं. लढाई सुरू झाली तेव्हा दीडशेच्या आसपास होती, आणि त्यातली लढाऊ म्हणजे जुनाट बफेलो विमानं. रणगाडा एकही नाही. समोर जपान्यांचे दोनशेच्या वर. ७ जानेवारीला स्लिम नदीवर जपानी रणगाडे पहाटेच्या अंधारात रस्त्याने सरळ आत घुसले आणि काही तासांत ११व्या डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड संपल्या. त्यातल्या कितीतरी हिंदी जवानांनी त्या दिवसापर्यंत आयुष्यात रणगाडा पाहिला नव्हता.

आणि "लढलाच नाही"? ८ डिसेंबरच्या मध्यरात्री कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी उतरले तेव्हा ३/१७ डोग्रा पलटणीचे लोक मोर्चे सोडून हलले नाहीत, तिथेच मेले. कांपारला कॅप्टन ग्रॅहमच्या मागे ८व्या पंजाबच्या शिखांनी संगिनी लावून चढाई केली. मुआरला ४५वी ब्रिगेड उभी केली ती अर्धवट शिकलेल्या पोरांची. वाळवंटातल्या लढाईसाठी तयार होत होती, तिला आणून रबराच्या मळ्यात सोडली. तिच्या तिन्ही पलटणींचे कमांडर मेले, ब्रिगेडियर मेला. माघारीत पारित सुलोंगला मागे राहिलेल्या जखमींत ११० ऑस्ट्रेलियन आणि ४० हिंदी होते. जपान्यांनी त्यांची कत्तल केली. ऑस्ट्रेलियनांची आठवण दरवर्षी निघते. ते ४० कोण होते ते आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

हिंदी सेना दोन वर्षांत चौपट वाढवली. जुन्या पलटणींतले अनुभवी सुभेदार, हवालदार काढून नव्यांत वाटले. जुनी पलटण पोकळ झाली आणि नवी कच्ची राहिली. हे दिल्लीत आणि लंडनमध्ये बसून केलेलं काम आहे. सिंगापूर तिथे पडलं. शिपाई त्याचा हिशेब फेडत होता.

गनिमीकावा

उत्तर लिहिण्याची तसदी घेतलीत, आभार. पण तुम्ही मलायात फिरताय, मी बेटावर बोलत होतो.

३१ जानेवारीला बेटाला मलायाशी जोडणारा कॉजवे उडवला. आता चहूबाजूंनी पाणी, समोर अरुंद खाडी, कोठारात दारूगोळा, पाठीशी शहर. ८ फेब्रुवारीच्या रात्री सारिंबूनला जपानी उतरले आणि १५ला सगळं आटोपलं. त्याच जपान्यांपुढे, उपासमारीत, फिलिपिन्समधलं बटान ९ एप्रिलपर्यंत टिकलं आणि कॉरेगिडोर ६ मेपर्यंत. तिथे विमानं होती का? बाहेरून मदत आली का? नाही. मग इथेच आठ दिवसांत कसं संपलं, याचं उत्तर "लंडन" असं देऊन चालणार नाही.

मलायातल्या ब्रिटिश फौजेचा सेनापती पर्सिव्हल. त्याच्या मुख्य इंजिनिअरने, ब्रिगेडियर सिम्सनने, डिसेंबरातच विनवलं होतं की उत्तर किनाऱ्यावर मोर्चे बांधू द्या, माणसं आहेत, सामान आहे. उत्तर मिळालं की असल्या बांधकामाने फौजेचं आणि लोकांचं मनोधैर्य खचतं. हा पर्सिव्हल सेनापती होता! १९३७मध्ये त्यानेच लिहून ठेवलं होतं की शत्रू उत्तरेकडून येऊ शकतो. आणि शेवटच्या दिवसांत गोदीवर काय चाललं होतं तेही लिहा ना. हत्यारं टाकलेले सैनिक बायकामुलांसाठीच्या जहाजांवर घुसत होते. पर्सिव्हलचा वरिष्ठ जनरल वेव्हेल, त्याच्या अहवालात ते आहे, म्हणूनच तो पन्नास वर्षं बंद ठेवला होता.

शूर लोक होते, मान्य. पण फौज म्हणून ती मोडली होती, आणि हे म्हटलं की लगेच देशद्रोही ठरवायचं हे बरोबर नाही.

वाटसरू

देशद्रोही कुणीच म्हटलं नाही. वेव्हेलच्या अहवालाचं बोट मुख्यतः ऑस्ट्रेलियनांकडे होतं, तुम्ही ते हिंदी शिपायाच्या गळ्यात घातलंत. सिम्सनचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. मोर्चा बांधू न देणारा सेनापती आणि मोर्चा नसताना मरणारा शिपाई, यात पळपुटा कोण?

माजी_सुभेदार

मी फार लिहीत नाही इथं. वाचतो. पण "हत्यारं टाकली" हा शब्द परत परत वाचून राहवलं नाही.

मी मराठा रेजिमेंटच्या जंगी पलटणीतला. ७१ला जमालपूरला होतो. समोर पाकिस्तानची ३१ बलुच पलटण. आमच्या ब्रिगेडियरसाहेबांनी त्यांच्या कर्नलला चिठ्ठी धाडली, वेढा पडलाय, शरण या. त्यानं जबाबाबरोबर बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. त्या रात्री ते फोडून निघायला बघत होते, आम्ही वाट अडवून बसलेलो. ते कसे चालून आले ते मी डोळ्यांनी बघितलंय. भित्रा माणूस मशिनगनवर चालून येत नाही. आणि आठवड्यानं ढाक्यात त्यांच्या जनरलनं सही केली आणि ९३ हजारांनी हत्यारं खाली ठेवली. कैदी झाल्यावर त्यांचे एक सुभेदार माझ्याशी बोलायचे. म्हणाले, हुकूम आला, ठेवली. हुकूम नसता तर अजून लढलो असतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्यात काही खोटं दिसलं नाही.

शिपाई स्वतःहून हत्यार ठेवत नाही. त्याला सांगतात ठेव, तेव्हा तो ठेवतो. सिंगापुरात सांगितलं कुणी? ज्याला संध्याकाळी चहा मिळत होता त्यानं.

इतिहासवेडा

सुभेदारसाहेब, आदर आहे, पण ७१ची तुलना पुरी लागू होत नाही. ढाक्याला वेढा घालणाऱ्यांकडे आकाश होतं, मुक्तिवाहिनी होती, लोक होते. सिंगापुरात जपानी सेनापती यामाशिताकडे १५ तारखेला तोफांचे गोळे संपत आले होते. त्याने नंतर स्वतः लिहून ठेवलं की सिंगापूरवरचा हल्ला हा धाक होता, आपले ३० हजार आणि समोर तिपटीहून जास्त. रस्त्यारस्त्यावर लढाई झाली असती तर तो हरला असता. फोर्ड कारखान्यात शरणागतीच्या बोलणीत टेबलावर मूठ आपटून "होय की नाही" विचारत होता, ते त्या धास्तीपोटी.

आता पर्सिव्हलच्या बाजूने एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही: पाणी. बेटाच्या मधलं बुकित तिमाह गेल्यावर तलाव जपान्यांच्या हातात गेले. नळ फुटलेले, बॉम्बने रस्ते उकरलेले, आणि निर्वासित धरून शहरात दहा लाखांच्या घरात माणसं. १५च्या सकाळी फोर्ट कॅनिंगच्या तळघरात बैठक झाली तेव्हा पाणी एखाद्या दिवसाचं उरलं होतं. चर्चिलने १०ला तार केलेली: शेवटपर्यंत लढा, सेनापतींनी सैनिकांबरोबर मरावं. लंडनहून लिहायला काय जातं! दहा लाख माणसांना तहानेने मारून मिळालेल्या चार दिवसांचं काय केलं असतं? त्या सहीपुरता मी पर्सिव्हलला दोष देत नाही. त्याआधीच्या प्रत्येक गोष्टीपुरता देतो. १०० किलोमीटरहून लांब किनाऱ्यावर फौज पातळ पसरली, ताजी ब्रिटिश १८वी डिव्हिजन ईशान्येला ठेवली, आणि जिथे जपानी उतरले तिथे एक ऑस्ट्रेलियन ब्रिगेड.

अनघा_सिंगापूर

मी इथे बरीच वर्षं राहते, म्हणून लिहिते. "दहा लाख माणसं वाचावीत म्हणून सही केली" हे वाक्य इथल्या चिनी म्हाताऱ्यांसमोर बोलून दाखवा.

१५ फेब्रुवारी १९४२ हा चिनी नववर्षाचा पहिला दिवस होता. दोन-तीन दिवसांनी चिनी पुरुषांना ठिकठिकाणच्या चौकांत बोलावलं गेलं. काहींच्या अंगावर शिक्का मारून सोडलं, काहींना ट्रकमध्ये बसवलं. ट्रकमधले बहुतेक परत आले नाहीत. जपान्यांनी पाच-सहा हजार मान्य केले, चिनी समाज पन्नास हजारांपर्यंत सांगतो. १९६२ला सिगलापला हाडं निघाली तेव्हा कुठे सगळ्यांना बोलता आलं. आमच्या मजल्यावरच्या आजी तेव्हा लहान होत्या. वडिलांना बोलावलं, आईने डब्यात नववर्षाचे केक घालून दिले. एवढंच त्या सांगतात, पुढचं सांगत नाहीत. त्या कत्तलीच्या आखणीत ज्याचं नाव सगळ्यात वर घेतलं जातं तो कर्नल त्सुजी खटल्यातून निसटला, जपानच्या संसदेत निवडून गेला आणि १९६१ला लाओसमध्ये गायब झाला.

मी इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या ध्वनिमुद्रित आठवणी खूप ऐकल्या आहेत. मलाय रेजिमेंटचे सैनिक, इस्पितळातल्या परिचारिका, रबराच्या मळ्यातले तमिळ मजूर. कुणीही "पाडाव चार दिवस लांबला असता तर" असं म्हणत नाही. पासिर पांजांगला लेफ्टनंट अदनान आणि त्याची मलाय माणसं १४ तारखेला शेवटच्या गोळीपर्यंत लढली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अलेक्झांड्रा इस्पितळात जपान्यांनी रुग्ण आणि डॉक्टर मिळून दोनशेच्या आसपास माणसं संगिनींनी मारली. इतिहासवेडा, सही झाली म्हणून माणसं वाचली नाहीत. कोण मरणार ते फक्त बदललं.

इतिहासवेडा

हे मला ठाऊक आहे अनघाताई, आणि मी ते झाकत नाहीये. पण पर्सिव्हलला १५ फेब्रुवारीला १८ फेब्रुवारी माहीत नव्हती.

अनघा_सिंगापूर

जपान्यांनी चीनमध्ये नानकिंगला केलेली कत्तल माहीत होती. १९३७ची, सगळ्या जगाला माहीत होती.

सिंधुदुर्गकर

चर्चा चांगली चालली आहे, पण मूळ टिपणातल्या "दोन दिवसांत मालक बदलला" या वाक्याला कुणी हातच लावला नाही. मी लावतो.

१७ फेब्रुवारीला सिंगापुरातल्या फॅरर पार्क मैदानावर चाळीस हजारांहून जास्त हिंदी कैद्यांना जमवलं. गोरे अधिकारी आधीच वेगळे काढून चांगीला पाठवले होते. ब्रिटिश कर्नल हंटने कागद वाचल्यासारखं सांगितलं की आजपासून तुम्ही जपान्यांचे कैदी, त्यांचे हुकूम माना, आणि निघून गेला. मालक कुणी कुणाला बदललं? मालकाने दावं सोडून दिलं. मग जपानी हेरखात्याचा मेजर फुजिवारा बोलला, मग आझाद हिंद सेना उभी करणारे कॅप्टन मोहनसिंग.

त्या मैदानावरच्या माणसांनी काय काय सोसलं होतं तेही सांगा. मलायातल्या क्लबांत हिंदी अधिकाऱ्याला आत घेत नसत. हुद्दा तोच, पगार कमी. १९४० साली सिंगापुरातच ४/१९ हैदराबाद पलटणीत एका हिंदी लेफ्टनंटला गोऱ्या बाईशी संबंध ठेवले म्हणून परत पाठवायला निघाले, तर अहिरांच्या कंपनीने बंड केलं. हे सगळं पोटात घेऊन तो शिपाई पाचशे मैल माघार घेत आला होता.

आणि आता माझं खरं दुखणं. मंत्रालयाच्या बाजूने नरिमन पॉइंटकडे जाणाऱ्या रस्त्याला जनरल जगन्नाथ भोसले यांचं नाव आहे. रोज हजारो मराठी माणसं तिथून जातात. विचारा कुणालाही, हे कोण. तिरोड्याचे, सावंतवाडी संस्थानातले, गढवाल रायफल्सचे अधिकारी, सिंगापुरात कैद झाले. मोहनसिंगांना जपान्यांनी पकडल्यावर पहिली आझाद हिंद सेना विस्कटली, ती पुन्हा सावरण्यात हा माणूस पुढे होता. २१ ऑक्टोबर १९४३ला नेताजींनी कॅथे इमारतीत हंगामी सरकार जाहीर केलं, त्यात भोसले होते. स्वातंत्र्यानंतर रत्नागिरीतून लोकसभेवर गेले, पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले, फाळणीच्या निर्वासितांत काम केलं, १९५४मध्ये शाळांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना काढली. माझ्या आजोबांचे चुलतभाऊ आझाद हिंदमध्ये होते. परत आल्यावर सैन्यात घेतलं नाही, कुणालाच घेतलं नाही. त्यांना भोसल्यांच्या योजनेत शाळेत कवायत शिकवायचं काम मिळालं, त्यावर घर चाललं. असा माणूस आपल्याला फक्त रस्त्याच्या पाटीवर ठाऊक आहे. बंगाल आपल्या माणसाला विसरत नाही. आपण विसरतो.

रोहिणी_नगर

मला सिंधुदुर्गकरांचं लिहिणं वाचून राग आला. त्यांच्यावर नाही म्हणणार होते, पण त्यांच्यावरही.

चाळीस हजारांहून जास्त त्या मैदानावर. सप्टेंबर १९४२मध्ये जी पहिली सेना उभी राहिली तिच्यात १६ हजारांच्या आसपास. मग बाकीचे कुठे गेले? सिनेमात, भाषणांत, रस्त्यांच्या पाट्यांवर, कुठेच नाहीत.

माझ्या आईचे वडील त्या बाकीच्यांत होते. सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीतले. नगर जिल्ह्यातले. त्यांनी नाही म्हटलं. का, तर शपथ घेतली होती, एवढंच त्यांचं कारण. फार मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. छावणीत मार खाल्ला, उपाशी ठेवलं, मारणाऱ्यांत आपलेच लोक होते. हो, आपलेच. मग बोटीत कोंबून पॅसिफिकमधल्या राबौलला. तिथे धावपट्टी खणणं, बॉम्ब पडले की खड्डे बुजवणं, बेरीबेरी, मलेरिया. त्यांच्याबरोबर गावातला एक मुलगा होता, तो तिथेच गेला. आजोबा १९४५च्या अखेरीस परत आले. आजीला सरकारचं "बेपत्ता" असं पत्र आलेलं, तिने कुंकू पुसलं नव्हतं, त्यावरून भावकीत बोलणी खाल्ली होती.

आणि गाव? त्याच महिन्यांत लाल किल्ल्यावर खटला चालू होता. देश पेटलेला. शेजारच्या गावात आझाद हिंदचा एक माणूस परतला तर बैलगाडीतून मिरवणूक निघाली. आजोबांना लोक विचारायचे, तू का नाही गेलास रे? इंग्रजांचा का? हे त्यांना मरेपर्यंत ऐकावं लागलं. भोसल्यांचं नाव निदान रस्त्यावर आहे.

सिंधुदुर्गकर

ताई, तुमच्या आजोबांना नमस्कार. पण "मारणाऱ्यांत आपलेच लोक" हे अख्ख्या आझाद हिंदवर टाकू नका. अत्याचार जपान्यांचे होते.

रोहिणी_नगर

कॅप्टन दुराणींना जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक उगाच नाही मिळालं. कैदेत त्यांचा छळ कशासाठी झाला ते शोधा. आणि १९४६च्या जानेवारीत सिंगापुरात युद्धगुन्ह्यांचा पहिला खटला उभा राहिला तो कुणाच्या छळाचा? हिंदी कैद्यांचा. पलाऊ बेटावर नेलेले. गोझावा सादाइची आणि त्याचे साथीदार आरोपी. सिंगापुरातल्या खटल्यांची ज्याने सुरुवात झाली तो आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीचाही नाही. मी एका ओळीचं काम आधी मागते, मग बाकीचं.

गनिमीकावा

रोहिणीताईंनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. निष्ठा ठेवणारे होते, म्हणजेच न ठेवणारेही होते.

माजी_सुभेदार

गनिमीकावा, त्या बाईंच्या आजोबांना तुमच्या वादात काठी म्हणून वापरू नका. वाईट दिसतं.

शपथेचं विचारलंत म्हणून सांगतो. मी शपथ घेतली ती तिरंग्यापुढं, गीतेवर हात ठेवून. त्या पोरांनी घेतली ती इंग्रजी राजाच्या नावानं. त्या राजाचा अधिकारी मैदानावर सोडून गेला. त्यानंतर ती शपथ उरली का नाही, हे त्या त्या माणसानं उन्हात उभं राहून ठरवलं. मी तिथं असतो तर काय केलं असतं, मला ठाऊक नाही. जो म्हणतो मला ठाऊक आहे तो खोटं बोलतो.

दोन्हींपैकी एकही सोपा रस्ता नव्हता. आझाद हिंदवाले इंफाळहून चालत मागे आले, जळवा लागलेले पाय, गवत खाऊन. आणि तिथं समोर कोण? आपलीच माणसं. मणिपुरात सांगशाकला आमच्याच मराठ्यांची चौथी पलटण जपान्यांना अडवून बसली होती. हे पण मराठी, ते पण मराठी. मी जवान असताना रेजिमेंटच्या समारंभांत एखादा जुना म्हातारा आझाद हिंदवाला येऊन कडेला बसायचा. आमचे जुने जेसीओ, म्हणजे सुभेदार वगैरे, त्याला खुर्ची द्यायचे. बोलत काही नसत.

वाटसरू

मूळ मुद्द्यावर येऊ या का? प्रश्न होता, बेट का पडलं.

रोहिणी_नगर

तुमच्यासाठी तो मूळ मुद्दा. आमच्या घरात बेट पडलं हा पहिला आठवडा होता. त्यानंतरची साडेतीन वर्षं कुणी मोजायची? तुमच्याही लेखात पारित सुलोंगनंतर पूर्णविराम आहे.

वाटसरू

माझा लेख एका टिपणाला उत्तर होता. पण शिपायाच्या बाजूने लिहायचं आणि कैद झाल्यावर त्याला सोडून द्यायचं, हे अर्धवट आहे, हे खरं.

तेलंगखेडी

आझाद हिंदवाल्यांना १९७२च्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजनेत घेतलं. तीस वर्षांनी! तोवर निम्मे गेलेले. माझे एक नातेवाईक तालुक्याच्या कचेरीत सहकैद्याचा दाखला आणा म्हणून फेऱ्या मारत होते. सहकैदी ब्रह्मदेशात पुरलेला, दाखला कुठून आणणार? आणि तिकडे सिंगापुरात नेताजींनी ८ जुलै १९४५ला पायाभरणी केलेलं आझाद हिंदचं स्मारक ब्रिटिशांनी परत आल्या आल्या सुरुंगाने उडवलं. दोन्ही सरकारांनी आपापल्या परीने मिटवलंच.

इतिहासवेडा

तेलंगखेडी, हे दोन एका तागडीत नका घालू. एक सुरुंग, एक लालफीत.

गनिमीकावांच्या बटानच्या मुद्द्याला कुणी उत्तर दिलं नाही म्हणून देतो. बटानला डोंगर आणि जंगल होतं, आणि शहराची लोकसंख्या पाठीशी नव्हती. मनिला आधीच खुलं शहर, म्हणजे तिथे लढणार नाही असं, जाहीर करून सोडलेलं. शिवाय तिथला जपानी सेनापती होम्माची सगळ्यात चांगली डिव्हिजन मध्येच काढून जावाकडे पाठवली, म्हणून ते एप्रिलपर्यंत टिकलं. तरी शेवट काय? ७० हजारांच्या वर शरण. म्हणजे तिथेही शिपाई पळपुटा म्हणायचा का?

गनिमीकावा

बरं. डिव्हिजन काढून घेतल्याचं मी धरलं नव्हतं, त्याने फरक पडतो. "पगारापुरता उभा होता" हे वाक्य मी टिपणातून काढतो, सुभेदारसाहेबांच्या शब्दाखातर. "मालक बदलला" हेही काढतो, रोहिणीताईंच्या आजोबांखातर, सिंधुदुर्गकरांच्या युक्तिवादाखातर नाही. पण बेटावरची फौज मोडली होती आणि त्याचा दोष फक्त वरच्यांचा नव्हता, यावर मी ठाम आहे. गोदीवरच्या त्या माणसांना कुणी हुकूम दिला नव्हता.

सिंधुदुर्गकर

गोदीवर कोण होते त्याचा पलटणवार पुरावा द्या, मग बोलू. सगळ्यांत मोठा निघून गेलेला तर ऑस्ट्रेलियन जनरल गॉर्डन बेनेट, सही झाल्यावर त्याच रात्री होडीतून. त्याच्यावर चौकशी बसली. शिपायाला चौकशीसुद्धा मिळाली नाही, सरळ निकाल.

अनघा_सिंगापूर

रोहिणी, तुझ्या आजोबांच्या गावचा तो मुलगा राबौलला गेला म्हणालीस. इथे क्रांजीच्या युद्धस्मारकाच्या भिंतीवर हजारो नावं आहेत, पण मला वाटतं तो तिथे नसेल, राबौलजवळ बिता पाकाच्या दफनभूमीत हिंदी सैनिकांचा भाग आहे, तिथे शोधावं लागेल. बरेच दगड निनावी आहेत हे आधीच सांगते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत पलटण आणि गाव दोन्ही टाकून शोधता येतं. त्याचं नाव आणि आजोबांची कंपनी मला निरोपात पाठव. मुसलमान, हिंदू नावांचं स्पेलिंग त्या यादीत तीन-चार तऱ्हांनी आहे, सगळ्या तऱ्हा करून बघू.

माजी_सुभेदार

सॅपर म्हणालात ना ताई. मग खडकीला रेकॉर्ड ऑफिसात अर्ज करा. आजोबांचा नंबर त्यांच्या डिस्चार्जच्या पुस्तकात असणार, ते पेटीत शोधा. नंबर असला की कागद निघतो. नसला तरी अर्ज करा, आणि उत्तर आलं नाही तर मला सांगा, मी स्वतः जाऊन बसतो तिथं.

रोहिणी_नगर

पुस्तक मामाकडे आहे, पहिलं पान फाटलंय. रविवारी जाऊन बघते.

गनिमीकावा

सिंधुदुर्गकर, पलटणवार पुरावा गोळा करतोय. दोन दिवस द्या.